कपाळावरचे चार ठिपके

टेबलावर ज्याचा चेहरा असेल त्याचं तोंड काका करायचे. मुद्दाम नव्हे. समोर निगेटिव्ह, हातात पेन्सिल, आणि काम सुरू झालं की पाचेक मिनिटांत काकांचं स्वतःचं तोंड कुठंतरी निघून जायचं. फोटोतली नवरी ओठ दाबून बसलेली असली की काकांचे ओठ दाबलेले. फोटोतला तलाठी छाती काढून बसलेला असला की काकाही पाठ ताठ करून, एक भुवई उचलून, नुसत्या बनियनवर साहेब होऊन बसायचे. समोरचा चहावाला कप ठेवायला आला की आधी काकांकडे बघायचा आणि मला म्हणायचा, "आज लई खट माणूस हाय बगा टेबलावर." आणि खरंच एखादा खट माणूस असायचा.

मी एकदा म्हणालो, "काका, आरशात बघा एकदा, तुम्हालाच हसू येईल."

"मालक," ते म्हणाले, "त्येचं तोंड केल्याबिगर त्येची सुरकुती कुठून कुठं जाती ते मला कळत न्हाई. मी काय करू?"

केजला तहसीलच्या रस्त्याला माझा फोटो स्टुडिओ आहे. आता तिथं माझी मुलगी कॉम्प्युटरवर बसते. मी सांगतोय ती गोष्ट काळ्यापांढऱ्या फोटोंच्या शेवटच्या दिवसांतली. तेव्हा मी तिशीतला, गरम डोक्याचा, आणि पुण्याला सहा महिने फोटोग्राफी शिकून आलो म्हणून हवेत. काका माझ्याकडे रिटचिंग करायचे, म्हणजे निगेटिव्हवर चेहरे साफ करायचे; माझ्या वडिलांच्या वयाचे. धोतर, बनियन, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. तोंडभर देवीचे वण. अंबाजोगाई, धारूरचे स्टुडिओवालेसुद्धा त्यांच्याकडे निगेटिव्ह पाठवायचे, एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती, पाकिटात घालून.

तुम्ही आता मोबाईलवर बोट फिरवता आणि मुरूम जातो. तेव्हा तो हातानं काढावा लागे. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, काळा डाग तिथं उजळ दिसतो. त्या उजळ जागेत टोकदार पेन्सिलीनं इतक्या बारीक रेघोट्या भरायच्या की फोटो छापल्यावर डाग गायब. काकांचं टेबल उतरतं होतं, वर दुधी काच, खाली आरसा. खिडकीतला उजेड आरशावर पडून काचेतून वर यायचा. पेन्सिलीचं टोक सुईसारखं व्हावं म्हणून ते काचकागदावर अर्धा अर्धा तास घासत बसायचे. मला त्या घासण्याचा राग यायचा. गिऱ्हाईक ताटकळलंय आणि हे घासतायत!

पेन्सिल चुकली तर पुसता येते. पण कधी कधी ब्लेडनं निगेटिव्ह हलकेच खरवडावी लागते, आणि ते काम जोखमीचं. जरा जोर जास्त झाला की फिल्मवरचा थर निघतो. तो गेला की गेला, परत येत नाही. काका ब्लेड हातात घेतलं की श्वास धरायचे. चहावाल्यालाही आत यायची बंदी.

आणि त्यांचं एक वाक्य होतं. कुठल्याही चेहऱ्यावरचं काहीही काढायच्या आधी ते मान वर न करता विचारायचे, "इचारलं का?"

पंचायत समितीला उभे असलेले एक पुढारी फोटो काढून गेले. नाकाच्या शेंड्यावर ही एवढी चामखीळ. मी म्हणालो, "काका, उडवा ती."

"इचारलं का?"

"त्यात काय विचारायचं?"

"नाक त्येंचं हाय."

मी वैतागून चहावाल्याला पुढाऱ्यांच्या घरी पिटाळलं. तो निरोप घेऊन आला, "ठिवा म्हन्ले. मानसं नावानं वळखत न्हाईत, चामखिळीनं वळखत्यात." ते निवडूनही आले. काकांनी त्यावरून महिनाभर मला छळलं.

एकदा एक बाप मुलीला घेऊन आला. स्थळाला पाठवायचा फोटो होता. "पोरगी जरा उजळ करा," म्हणाला. काकांनी बापाला उत्तरच दिलं नाही. कोपऱ्यात उभ्या असलेल्या त्या मुलीला विचारलं, "बाई, तुजं काय म्हननं हाय?" ती तोवर एक शब्द बोलली नव्हती. खाली बघत म्हणाली, "रंग ऱ्हाऊ द्या. नाकावरची पुटकुळी तेवडी काढा. ती लग्नापत्तुर जानार हाय." काका इतके खूश झाले की त्या पुटकुळीवर त्यांनी दुपार घालवली.

स्वतःचा फोटो मात्र काढू द्यायचे नाहीत. गालाचे वण दाखवून म्हणायचे, "ह्ये काढायला दुसरा म्हातारा कुठून आनू?"

असा माणूस. तुमच्याही गावात कुणीतरी असेल असा. तुम्ही त्याच्याशी बरे वागला असाल. मी वागलो नाही, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

एक मेंढपाळ होता, धर्मापुरीकडचा. दरवर्षी मेंढरं घेऊन केजच्या शिवारात यायचा, लोकांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचा. त्याची आई गेली. धाकट्या लेकाच्या लग्नात म्हातारीनं हौसेनं माझ्या स्टुडिओत एकटीचा फोटो काढून घेतला होता. तिचा आयुष्यात तेवढा एकच फोटो. त्यांच्याकडची प्रत पालात पावसानं भिजून गेली होती, माझ्याकडे निगेटिव्ह तेवढी होती. थोरला लेक, चाळिशीचा गडी, डोकं भादरलेलं, दारात येऊन उभा राहिला. "मालक, मायचा फोटू मोठा करून पायजे. दहाव्याला पुजायचा हाय."

त्या दिवशी काका नव्हते. पुतण्याच्या मुलाचं बारसं म्हणून गावी गेले होते, परवा येणार होते. दहाव्याला अजून चार दिवस होते. म्हणजे थांबता आलं असतं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण घाई होती असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. घाई बिई काही नव्हती. काकांवाचून माझं अडत नाही, एवढं मला बघायचं होतं. पाच वर्षं त्यांच्या मागे उभं राहून बघितलेलं होतं. म्हटलं, त्यात काय आहे एवढं!

निगेटिव्ह काचेवर ठेवली. म्हातारीच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण होतं. त्या दिवसांत शिकलेल्या मुली यायच्या त्या गोंदण फोटोतून काढूनच मागायच्या. मला वाटलं, म्हातारीचं कपाळ स्वच्छ केलं तर लेक खूश होईल. "इचारलं का?" हे कानात आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण विचारायला तो मेंढपाळ कुठल्या रानात शोधायचा, म्हणून मी पेन्सिल उचलली.

पेन्सिल जास्त झाली. छापून बघितलं तर कपाळावर पांढरा चट्टा. पुसायची सोडून, ती कमी करायला मी ब्लेड घेतलं. ब्लेड सरकलं आणि कपाळाचा थर निघाला. आता तिथं छापल्यावर काळी खोक दिसायला लागली. मग मोठी प्रिंट काढली, तिच्यावर ब्रशनं रंग लावून खोक झाकली आणि झाकता झाकता सगळं कपाळ गुळगुळीत केलं. हनुवटीही केली. म्हातारी त्या फोटोत लाटलेल्या पापडासारखी दिसत होती. मी स्वतःला म्हणालो, चांगली दिसतेय.

तिसऱ्या दिवशी दुपारी लेक आला, सोबत धाकटा भाऊ. दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती, चहावाला होता. मी प्रिंटवरचा कागद सोडला. दोघंही फोटोवर वाकले.

"ही कोन हाय?" थोरल्यानं विचारलं.

"तुमची आई."

"माझी माय? मग तिचं गोंदण कुठं हाय? मालक, बाप मेल्यावर तिच्या कपाळावर कुकू न्हवतं. तेवडं गोंदणच हुतं. ते कावून पुसलं?"

मला विचारसुद्धा करावा लागला नाही. वाक्य तयारच असल्यासारखं तोंडातून आलं. मी म्हणालो, "ते काम आमचे काका करतात. वय झालंय त्यांचं. हल्ली दिसत नाही त्यांना नीट."

आणि त्याच वेळी काका दारात. एसटीतून उतरून सरळ दुकानात आलेले, खांद्याला पिशवी. चहावाला बोलून गेला, "आले की काका." माझं वाक्य त्यांनी ऐकलं की नाही, मला माहीत नाही. ऐकलं असणार.

थोरला त्यांच्यावरच गेला. "म्हाताऱ्या, दिसत न्हाई तर कावून हात लावतो बे लोकांच्या मायबापाला? एकच फोटू हुता मायचा! एकच!" तो ओरडत होता आणि ओरडता ओरडता रडायला लागला. धाकट्यानं त्याला धरलं.

काकांनी पिशवी खाली ठेवली. प्रिंट बघितली. मग टेबलावरची निगेटिव्ह उचलून खिडकीच्या उजेडाला धरली. रिटचिंग करणाऱ्याचा हात अक्षरासारखा ओळखू येतो. तो ओरखडा कुणाचा हे त्यांना तिथल्या तिथं कळलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बिलबुकाची पानं उलटत होतो. हो, बिलबुकाची पानं.

"व्हय," काका म्हणाले. "माझ्याकडनं इचारायचं ऱ्हाईलं."

मी अजूनही बोलू शकलो असतो. दुकानात पाच-सहा माणसं होती, आभाळ कोसळलं नसतं. पण मी पानं उलटत राहिलो.

काकांनी दोघा भावांना बाकावर बसवलं, पाणी दिलं. म्हणाले, "निगेटिव्ह गेली. पन फोटूवर मी हातानं गोंदण काढून देतो. दहाव्याच्या आत देतो. सांगा, कसं हुतं? कपाळावर किती ठिपके?"

थोरला म्हणाला, "पाच."

धाकटा म्हणाला, "तीन हुते की."

"आन हनवटीला?"

दोघं एकमेकांकडे बघत बसले. हनुवटीला एक होता, यावर जमलं. कपाळावर मात्र जमेना. थोरल्यानं डोळे मिटले, बोटांनी स्वतःच्या कपाळावर मोजून बघितलं. "रोज बगत हुतो की हो," तो म्हणाला. "रोज भाकरी वाढायची समोर बसून. चाळीस वर्सं बगितलं आन मला मोजता यीना." मघाशी रडला तो रागानं. आता जे रडला ते बघवत नव्हतं. त्याचा हा हिशेब कधी निघालाच नसता. तो मी काढायला लावला होता.

काका त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "कुनीच मोजत न्हाई, बाबा. तिला भईन हाय का?"

बहीण होती. तलवाड्याला दिली होती, मातीला आली होती आणि दहाव्यापर्यंत राहिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घेऊन आले. वाळकी, ठेंगणी म्हातारी, तोंडात तंबाखूची मिसरी. काकांनी तिला खिडकीजवळ खुर्चीत बसवलं आणि तिच्या कपाळाकडे बघत राहिले. कपाळावर चंद्रकोर, तिच्यावर तीन ठिपके.

"बगा, तीनच हुते," धाकटा म्हणाला.

"गप रे," म्हातारी म्हणाली. "मला तीन. तिला चार. जत्रंत दोगीला एकाच बाईनं गोंदलं. अक्कानं चारी ठिपके गपचिप टोचून घेतले. माझे तीन झाले आन चौथ्याला मी उठून पळाले. अक्का लगनापत्तुर मला चिडवायची, तुझा एक उधार हाय म्हून."

सगळे हसले. मी पण हसलो. कुठल्या तोंडानं हसलो कोण जाणे.

काकांनी काम सुरू केलं. म्हातारीकडे बघायचे, ब्रशचं टोक जिभेला लावून बारीक करायचे, प्रिंटवर टेकवायचे. हळूहळू त्यांचं तोंड म्हातारीसारखं झालं, गाल आत, हनुवटी पुढे. ती म्हणाली, "अगं बया, ह्यो बाबा माझंच तोंड करतोय!" मग काका फोटोकडे वळले, तिच्याकडे बघायचं त्यांनी थांबवलं, आणि त्यांचं तोंड पुन्हा बदललं. जरा शांत झालं, जरा थकलेलं. थोरला बाकावरून उठून उभा राहिला. कितीतरी वेळ तो फोटोकडे नाही, काकांकडेच बघत होता.

चौथा ठिपका काकांनी म्हातारीला विचारून ठेवला. नेमका कुठं, उजवीकडे की वर. तिनं स्वतःच्या रिकाम्या जागेवर बोट टेकवून दाखवलं. "हितं. सरणावर दागिनं काढून घेत्यात, बाबा. गोंदण तेवडं संगं जातंय. नीट काढ."

ते गेल्यावर काकांनी आदल्या दिवसापासून कोपऱ्यात पडलेली पिशवी माझ्यापुढे ठेवली. "मालक, गावच्या शेंगा. तुमच्या घरी न्या." मी नेल्या. बायकोनं भाजल्या. मी खाल्ल्यासुद्धा.

आठ दिवस गेले. मी नवीन लाइटा आणल्या होत्या, छत्रीवाल्या. त्या लावून बघायला कुणीतरी समोर बसायला हवं होतं. मी म्हणालो, "काका, बसता का?" नाहीच म्हणतील असं वाटलं होतं. पण ते आले आणि खुर्चीत बसले. मी कॅमेऱ्यामागे गेलो. तिथून, काचेआडून, धीर आल्यासारखं वाटलं. म्हणालो, "काका, त्या दिवशी मी..."

"च्या सांगा," काका म्हणाले. "आन बटन दाबा."

मी बटण दाबलं. चहा सांगितला. विषय तिथंच राहिला.

पण बातमी राहिली नव्हती. दुकानातल्या गिऱ्हाइकांनी ती बाजारात नेली, चहावाल्यानं कपाबरोबर वाटली. अंबाजोगाईहून फोन आला, "काकांना दिसत नाही म्हणे आता?" मी म्हणालो, "वय झालं ना." धारूरहून पाकिटं यायची थांबली. काका सकाळी येऊन पेन्सिली घासायचे. टोकं सुईसारखी व्हायची आणि टेबलावर चेहराच नसायचा. वर्षभरानं ते गावी पुतण्याकडे गेले ते गेलेच. लोक विचारतात तेव्हा मी सांगतो, कॉम्प्युटर आले, अशी हातची कामं बुडाली. लोक माना डोलावतात. आमच्याकडे कॉम्प्युटर आला तो त्यानंतर चार वर्षांनी.

मधल्या काळात मी त्यांना भेटायला किती वेळा गेलो? दोन वेळा. दोन्ही वेळा मोटारसायकल सुरूच ठेवून बोललो.

या उन्हाळ्यात काका गेले. पुतण्या आला. घरात आधार कार्डावरचा फोटो सोडून एकही फोटो नव्हता. मी मागच्या खोलीतले डबे उपसले आणि छत्रीवाल्या लाइटांच्या दिवशीची काकांची निगेटिव्ह सापडली. मुलीनं ती कॉम्प्युटरवर घेतली. सवयीनं तिचा हात गालांवरचे वण पुसायला गेला. मी ओरडलोच, "थांब! विचारलं का?" ती दचकली. मग मी पुतण्याला विचारलं, "वण ठेवू का काढू?"

"ठिवा," तो म्हणाला. "वणाबिगर आमाला वळखूच येनार न्हाईत."

तेराव्याला मी गेलो. फोटोला हार घातला होता. मान थोडी खाली, नजर चोरलेली, ओठाचा कोपरा दबलेला. पुतण्याची बायको ताटं लावता लावता फोटोसमोर थांबली आणि म्हणाली, "आसं तोंड मामंजी कवा करत न्हवते. ह्ये कुनाचं तोंड करून बसलेत?"

मी हातातला पाण्याचा तांब्या घेऊन पंगतीकडे वळलो.

मेंढपाळही आला होता. आता म्हातारा झालाय, काठी घेऊन चालतो. दरसाल मेंढरं घेऊन जाताना तो काकांना भेटून जायचा, हे मला तिथं कळलं. इतकी वर्षं, दरसाल. आणि काका माझ्याबद्दल त्याला एका शब्दानं बोलले नव्हते. तो माझ्याजवळ आला, फोटोकडे बघत म्हणाला, "बगा मालक, अजून शरम हाय तोंडावर. मी कवाच इसरलतो. सांगितलंतं बी त्यान्ला, बाबा, मायचा फोटू तू केलास तसा कुनी केला नसता. माफ केलं म्हून धा डाव सांगितलं. पन लई मनाला लावून घेतलं म्हाताऱ्यानं."

त्यानं फोटोपुढे हात जोडले.

मला बोलायचं होतं. खरंच बोलायचं होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "चहा घेता का?"

तो हो म्हणाला. मी चहा आणायला आत गेलो आणि चुलीपाशी उभा राहिलो. तिथूनही दारातून तो फोटो दिसत होता. काका ज्याच्याकडे बघायचे त्याचं तोंड करायचे, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. फोटो काढला तेव्हा त्यांच्या समोर कोण होतं, हे मात्र कुणी विचारलं नाही.